अमेरिकेत जुना हॉर्स ट्रेलर घेतलाय? आधी ब्रेकअवे बॅटरी बघा

अभिनंदन! सोलर, इन्व्हर्टर सध्या राहू द्या. पुढच्या बाजूची छोटी १२ व्होल्टची ब्रेकअवे बॅटरी आधी तपासा. धावता ट्रेलर सुटला तर इलेक्ट्रिक ब्रेक तीच लावते, आणि आत तुमचा घोडा असतो! मीटरवर १२.६ व्होल्टच्या आसपास हवं. चार्ज टिकत नसेल तर सरळ बदला. मग ट्रेलर गाडीला जोडलेला ठेवूनच गाडी-ट्रेलरमधला सात पिनांचा विजेचा प्लग काढा, ब्रेकअवेची पिन (ट्रेलर सुटला की आपोआप ओढली जाते ती) ओढा, गाडी हळूच पुढे घ्या. ट्रेलरची चाकं अडली पाहिजेत. पिन लगेच परत बसवा, नाहीतर बॅटरी उतरेल.

नवखे इथे चुकतात:

- दिवे मंद झाले की बल्ब बदलत बसतात. बहुधा अर्थिंगचा जोड गंजलेला असतो. घासून घट्ट करा.
- फ्यूज उडाला की जास्त अँपिअरचा घालतात. कधीही नको. वायर तापून पेटू शकते, शेजारीच वाळलेलं गवत असतं.