पाटीवर फक्त ‘पाणी’ आणि ‘दूध’

प्रश्न : माझे पती ५२ वर्षांचे. तंबाखूपायी जिभेचा कॅन्सर झाला. अर्धी जीभ काढली, रेडिएशन महिन्यापूर्वी संपलं. त्यांचं बोलणं कुणाला कळत नाही म्हणून पाटी-पेन्सिल दिली, तर ‘पाणी’, ‘दूध’ एवढंच लिहितात. परवा पाटी भिंतीवर फेकली. पूर्वी भजनात पखवाज वाजवायचे, आता कुणाला भेटतही नाहीत. मी त्यांच्यासमोर सतत हसते, ‘सगळं नीट होणार’ म्हणते. सासूबाई म्हणतात, मनात वाईट आणलं की आजार उलटतो. यांना बोलतं कसं करू?
— एक पत्नी, सातारा जिल्हा

ताई, पाटी फेकली तेव्हा ते बोललेच की! ‘मला भीती वाटते’ असं लिहिलं तर ‘असलं काही मनात आणू नका’ हेच ऐकावं लागणार, हे ज्याला ठाऊक आहे तो माणूस ‘दूध’ लिहून गप्प बसणारच. तेव्हा आधी तुमचं ते हसू जरा आवरा. एखाद्या दुपारी जवळ बसा आणि म्हणा, ‘अहो, मलाही भीती वाटते.’ पुढे काही समजवायला जाऊ नका. रडू आलं तर येऊ द्या, दोघांनाही.

सासूबाईंना सांगा, रडल्यानं कॅन्सर उलटत नाही. आणि मन मोकळं केल्यानं तो बराही होत नाही. अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ डेव्हिड स्पीगल यांच्या १९८९ सालच्या अभ्यासात, एकत्र बसून मनातलं बोलणाऱ्या, कॅन्सर पसरलेल्या बायका जास्त जगल्या असं दिसलं होतं. त्याचा खूप गाजावाजा झाला. २००१ मध्ये कॅनडातल्या अशाच, पण मोठ्या अभ्यासात आयुष्य काही वाढलं नाही, मात्र त्या बायकांचा मनस्ताप आणि वेदनेचा त्रास कमी झाला. मला तेवढं पुष्कळ वाटतं. ‘पॉझिटिव्ह राहा, बरे व्हाल’ म्हणणाऱ्यांचा मला राग येतो तो यासाठीच, की उद्या आजार वाढला तर तोही रुग्णाचाच गुन्हा ठरतो. तुमच्या यजमानांच्या मनाला तंबाखूचा अपराध आधीच कुरतडत असणार. ‘तरी मी सांगत होतो’ म्हणणाऱ्या पाहुण्याला ओसरीवरच चहा पाजून वाटेला लावा.

आता पाटीचं. घरच्या सगळ्यांसमोर लिहायचं आणि पुसायचं, त्यात पोटातलं कोण लिहील? एक वही द्या. कुणी वाचणार नाही असं सांगा आणि खरंच वाचू नका. मोबाइल वापरत असतील तर एकाच घरात बसून व्हॉट्सॲपवर बोला. हसू नका, डोळ्याला डोळा न देता माणूस बरंच काही सांगून जातो. ‘कसं वाटतंय?’ हा प्रश्न जीभ गेलेल्या माणसाला अवघड जातो. त्याऐवजी विचारा, ‘आज मनाला किती त्रास? शून्य ते दहा, बोटं दाखवा.’ कॅन्सर रुग्णालयांत हीच मोजणी वापरतात, आणि चार किंवा त्याहून जास्त आलं तर नीट चौकशी करायची असा त्यांचा प्रघात आहे.

पखवाजाला जीभ लागत नाही. मंडळातल्या एकाच जवळच्या माणसाला बोलवा, अख्ख्या फडाला नको. ते वाजवोत, नुसते ऐकोत, किंवा उठून आत जावोत. आत गेले तर मागे जाऊ नका, आठवड्याने पुन्हा बोलवा.

एक गोष्ट मात्र लांबवू नका. रेडिएशननंतर तोंडातले फोड आणि गिळतानाचं दुखणं कित्येक आठवडे टिकतं, आणि दुखणाऱ्या माणसाला काही सांगावंसं वाटत नाही. वेदनेचं औषध पुरतंय का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. स्पीच थेरपिस्टची चिठ्ठीही मागा. अर्धी जीभ उरलेल्यांचं बोलणं सरावानं पुष्कळदा कळण्याजोगं होतं. परळच्या टाटा रुग्णालयासारख्या मोठ्या ठिकाणी मानसोपचार विभागही असतो. दोन आठवडे झोप नाही, खाणं-दूध नको म्हणतात, ‘मी गेलेलं बरं’ अशी खूण करतात, असं दिसलं तर पुढच्या तपासणीची वाट पाहू नका, लगेच दाखवा आणि त्यांना एकटं सोडू नका. मनाच्या त्रासासाठी असलेल्या ‘टेलिमानस’ हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, मराठीत बोलतात, रात्रीही लागतो. तो तुम्हीसुद्धा लावू शकता. पत्रात तुम्ही स्वतःविषयी ‘हसते’ एवढंच लिहिलंय, म्हणून सांगते.