सीट बदलल्यापासून एअरबॅगचा लाइट जात नाहीये, ईसीयू खरंच बदलावा लागेल का?

ईसीयूचे, म्हणजे एअरबॅग कधी फोडायची ते ठरवणाऱ्या कंट्रोल बॉक्सचे, पैसे तूर्तास खिशातच ठेवा. एअरबॅगचा ईसीयू बदलायची वेळ साधारणपणे येते ती ॲक्सिडेंटमध्ये एअरबॅग फुटून आत क्रॅश डेटा लॉक झाल्यावर, नाहीतर त्यात पाणी गेल्यावर. नुसत्या सीटा बदलल्या म्हणून ईसीयू मरत नाही, आणि स्कॅनर (गाडीच्या मेमरीतले फॉल्ट वाचणारं मशीन) न लावताच जो माणूस ईसीयू गेला म्हणतो त्याच्याकडे परत जाऊ नका.

तुमच्या प्रश्नावरून मला समजलं ते असं, की गाडी २०२० ची बेस मॉडेल हॅचबॅक, पुढे दोन एअरबॅग, तुम्ही कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून त्याच गाडीच्या २०१७ च्या टॉप मॉडेलच्या पुढच्या दोन्ही सीटा आणल्या, घराजवळ बसवून घेतल्या आणि त्या दिवसापासून मीटरमध्ये लाल लाइट कायम आहे. एक म्हणतो ईसीयू, दुसरा म्हणतो बल्बच काढून टाकू. मी ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतो, आमच्याकडे हीच कंप्लेंट घेऊन सीट कव्हर टाकून आलेल्या गाड्या जास्त येतात कारण कव्हरवाले पण सीट बाहेर काढतात, खालचा पिवळा कपलर, म्हणजे वायरींचा जोड, सोडतात आणि मग मध्येच कोणीतरी गाणी लावायला चावी फिरवतं. झालं, ईसीयूच्या मेमरीत फॉल्टचा कोड बसला.

चावी ऑन केल्यावर तो लाइट पाच-सहा सेकंद लागून विझतो ना, तेवढ्या वेळात ईसीयू आपली सगळी सर्किटं तपासत असतो आणि पुढे गाडी चालू असतानाही तपासत राहतो. प्रत्येक एअरबॅगच्या इग्नायटरमधून, म्हणजे ती पेटवून फोडणाऱ्या भागातून, अगदी किरकोळ करंट सोडून रेझिस्टन्स बघायचा, तो साधारण दोन-तीन ओहम असतो, त्याच्या बाहेर गेला की लाइट. आणि एकदा लाइट लागला की बऱ्याच गाड्यांत फक्त सीटच्या बाजूचंच नाही तर पुढच्या दोन एअरबॅगांचं पण काही खरं नसतं, म्हणून हे काम महिनोन्महिने लांबवू नका.

आता तुमच्या केसमध्ये मला जे वाटतं ते सांगतो. टॉप मॉडेलच्या सीटमध्ये साइड एअरबॅग आहे, पण तुमच्या बेस मॉडेलच्या ईसीयूला साइड एअरबॅग नावाची गोष्टच माहीत नाही, तो ती शोधणारच नाही. त्यामुळे तो कपलर खाली मोकळा लोंबतोय म्हणून लाइट लागलाय असं नाही. संशय बकलवर घ्या. बकल म्हणजे बेल्ट ज्यात खटकन बसतो ते, त्याच्या आत एक स्विच असतो, बेल्ट लावला की नाही हे सांगणारा, आणि बऱ्याच गाड्यांत त्याची वायर एअरबॅगच्या ईसीयूकडेच जाते. काही गाड्यांत बेल्ट आवळणारा प्रीटेन्शनर पण बकलच्याच बाजूला असतो. १ जुलै २०१९ पासून आपल्याकडे नव्या गाड्यांना ड्रायव्हर आणि शेजारचा अशा दोघांच्याही बेल्टचा रिमाइंडर सक्तीचा झाला. तुमची गाडी त्यानंतरची आणि सीटा त्याआधीच्या, म्हणजे डाव्या सीटच्या बकलमध्ये स्विच नसण्याची किंवा वेगळ्या प्रकारचा असण्याची पूर्ण शक्यता आहे. बाहेरून दोन्ही बकल सारखीच दिसतात, कपलर पण बसून जातो, पण आतला स्विच वेगळा निघाला की ईसीयूला पाहिजे ती व्हॅल्यू मिळत नाही.

म्हणून पहिला प्रश्न, जुन्या सीटा आहेत का अजून? भंगारात दिल्या नसतील तर काम अर्धं झालं समजा. जुन्या सीटची दोन्ही बकलं आणि सीटखालची पूर्ण वायरिंग काढून नव्या सीटवर चढवायची, डाव्या सीटमध्ये बसलेला माणूस ओळखणारी चटई असेल तर ती पण. एकाच गाडीच्या सीटा असल्या तर बोल्टची भोकं बहुतेक जुळतात. जुन्या सीटा दिल्या असतील तर तुमच्या गाडीच्या वर्षाचं आणि व्हेरिएंटचं बकल पार्ट नंबर बघून नवीन घ्या, बकल आणि बेल्ट या गोष्टी जुन्या बाजारातून घेऊच नयेत असं माझं मत आहे, ती सीट कुठल्या धडकेतून आली ते तुम्हाला कोण सांगणार. तुमच्या सीटांच्या पाठीची दाराकडची शिलाई पण एकदा नीट बघा, उसवून परत हाताने शिवलेली दिसली तर ती एअरबॅग आधीच फुटलेली आहे.

काम करताना एवढं सांभाळा. आधी सीट पुढे-मागे सरकवून चारही बोल्ट मोकळे दिसतील असं करून घ्या, पॉवर सीट असेल तर बॅटरी काढल्यावर ती हलणार नाही. मग चावी काढायची, दहाच्या पान्याने बॅटरीची मायनस काढायची आणि लगेच सीटखाली हात घालायचा नाही. ईसीयूच्या आत कपॅसिटर असतात, ॲक्सिडेंटमध्ये बॅटरी तुटली तरी एअरबॅग फुटावी म्हणून चार्ज धरून ठेवतात. कंपनीप्रमाणे दीड मिनिट, तीन मिनिटं असं वेगवेगळं सांगितलेलं असतं, आम्ही सरळ चहा सांगतो, तो पिऊन होईपर्यंत हात लावत नाही. कपलर जोडल्यावर, बॅटरी लावून झाल्यावरच चावी ऑन, आणि त्या वेळी सीटवर कोणी बसलेलं नको.

सीट मागे कलंडवून टॉर्च मारा. तिथे शेंगदाण्याची टरफलं, सुट्टे पैसे, पोरांची खेळणी सगळं सापडेल, आणि त्यातच पिवळ्या कव्हरमधल्या वायरी आणि पिवळे कपलर. कपलरवर एक छोटं वेगळं लॉक असतं, तो आत गेल्यासारखा वाटतो पण ते लॉक टक् करून बसत नाही तोपर्यंत तो बसलेला नसतो. काही कपलरच्या आत एक बारीक पत्रा असतो, लॉक बसलं नाही तर तो दोन्ही पिना शॉर्ट करून ठेवतो आणि ईसीयूला उलटंच काहीतरी दिसतं. पिनांवर हिरवट बुरशीसारखं दिसलं तर कार्पेटमध्ये पाणी आहे, एसीचा ड्रेन पाइप चेक करा. सीट सरकवली की लाइट येतो-जातो असं होत असेल तर वायर सीट सरकते त्या रेलमध्ये चेपली जातेय.

मल्टिमीटर मात्र बाजूला ठेवा. ओहमवर ठेवलेला मीटर स्वतःच्या बॅटरीतून करंट सोडतो, आणि एअरबॅगच्या इग्नायटरवर तो लावायचा नाही हे झाडून सगळ्या कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. टॉप मॉडेलचा तो लोंबता साइड एअरबॅगचा कपलर कापू नका, सोलू नका. त्यात पण तोच शॉर्टिंगचा पत्रा असतो, कपलर सुटा असताना इग्नायटरच्या दोन्ही पिना एकत्र राहाव्यात म्हणून, तो शाबूत असू दे आणि वायर टायने रेलपासून लांब बांधा. ती एअरबॅग चालू करून घ्यायचा विचार असेल तर सोडून द्या, दाराच्या खांबातले सेन्सर, वायरिंग, ईसीयू सगळंच वेगळं लागतं, त्यापेक्षा टॉप मॉडेल गाडी घेतलेली परवडेल.

हे सगळं झालं तरी लाइट आपोआप जाईलच असं नाही, बऱ्याच गाड्यांत कोड मेमरीत राहतो आणि स्कॅनरनेच उडवावा लागतो. ऑनलाइन मिळणारा स्वस्तातला ब्लूटूथ डोंगल फुकटच्या ॲपवर बहुतेक वेळा फक्त इंजिनचे, पी पासून सुरू होणारे कोड दाखवतो, एअरबॅगचे बी पासून सुरू होणारे दाखवतच नाही आणि माणूस म्हणतो गाडीत कोड नाहीये. त्यामुळे एअरबॅग मॉड्यूल वाचणारा स्कॅनर असलेल्याकडे जा आणि उडवण्याआधी कोडचा फोटो काढायला सांगा. कोड करंट (फॉल्ट आत्ता चालू) आहे की हिस्टरी (आधी येऊन गेलेला) आहे ते तिथेच दिसतं. हिस्टरी असेल तर उडवला की संपलं. उडवल्या उडवल्या परत आला तर फॉल्ट आत्ता जिवंत आहे, आणि दोन दिवसांनी खड्ड्यातून गेल्यावर आला तर कपलर सैल.

बल्ब काढायचा सल्ला देणाऱ्याला हात जोडा. त्याचाच भाऊ म्हणजे कपलरमध्ये दोन-सव्वादोन ओहमचा रेझिस्टर घालून ईसीयूला फसवणारा, साइड एअरबॅगवाल्या गाडीत साध्या किंवा स्पोर्ट्स सीटा टाकणाऱ्यांना हे सर्रास करून दिलं जातं. लाइट जातो हे खरं आहे. पण बाजूने ठोकल्यावर ईसीयू त्या रेझिस्टरलाच फोडायला निघतो, आणि उद्या गाडी विकलीत तर घेणाऱ्याला यातलं काहीच कळत नाही. मी हे काम करत नाही, गिऱ्हाईक परत गेलं तरी चालेल.

सीटचे बोल्ट शेवटी टॉर्क रेंचनेच (ठरलेल्या जोराइतकंच आवळणारा पाना) आवळून घ्या, बकलचा बोल्ट तर नक्कीच. कोड निघाला की तो नंबर आणि गाडीचं मॉडेल इथेच टाका, कुठली बाजू आणि कुठलं सर्किट ते सांगतो.