भूगोलाचा पेपर झालाच नाही

"मॅडम, पोरगी पास झाली, मार्क बी चांगले पडले. तरी शाळेचं नाव काढलं की रडती. मैत्रिणी फोनवर बोलत्यातच की. मग हिला झालंय तरी काय?"

2020 च्या ऑगस्टमध्ये सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका आईनं मला फोनवर हे विचारलं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) टाळेबंदी सरली, तरी हा प्रश्न दर उन्हाळ्यात येतोच. कुणाची दहावी संपून वर्ग पांगलेला असतो, कुणाची शाळा सातवीपर्यंतच असते, कुणाच्या वडिलांची बदली झालेली असते.

त्या वर्षी दहावीचा भूगोलाचा पेपर 23 मार्चला होता. तो आधी पुढे ढकलला, मग रद्द झाला आणि त्याचे गुण इतर विषयांच्या सरासरीनं दिले गेले. गुणांचं भागलं. पण शेवटचा पेपर सुटल्यावर सगळा वर्ग केंद्राबाहेर रेंगाळतो, तेवढं रेंगाळणं मात्र राहूनच गेलं.

मुलगी सुरुवातीला हो-नाहीपलीकडे जाईना. कुणाची आठवण येते, हे मी विचारलं नाही. दिवसातली कुठली वेळ जड जाते, असं विचारलं. ती लगेच म्हणाली, "परिपाठाची."

ती परिपाठात दिनविशेष वाचायची. नववीत असताना 12 जानेवारीला तिनं सोलापूरच्या चार हुतात्म्यांची नावं वाचली होती: मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे. 1931 साली याच तारखेला येरवड्यात त्यांना फाशी दिलं गेलं. "सगळं मैदान ऐकत होतं," ती म्हणाली. तिच्या घरी तेलुगू बोलतात. मराठीतलं तिचं सगळं जग शाळेत होतं. मैत्रिणींच्या फोनबद्दल विचारलं तर म्हणाली, "फोनवर एकेक जण भेटते. वर्ग भेटत नाही."

पालकांनी हे वाक्य नीट ऐकावं असं मला मनापासून वाटतं. मैत्री फोनवर टिकते. पण चाळीस जणांमध्ये आपली एक जागा होती, ती फोनवर कशी मिळणार?

तिला याहूनही जास्त टोचत होतं ते वेगळंच. टाळेबंदीत वडिलांचं मागावरचं काम थांबलं, आईचं विड्या वळणंही थांबलं. "घरात पैशाची ओढाताण, अन् मी शाळेसाठी रडू? लाज वाटती." केनेथ डोका या अमेरिकी अभ्यासकानं 1989 मध्ये अशा दुःखाची मांडणी केली, ज्याला आजूबाजूचे लोक दुःख मानतच नाहीत. मग माणूस ते लपवतो आणि लपवल्यानं ते लांबत जातं. हिचं तेच चाललं होतं.

आईला मी एकच सांगितलं: "फोन कर की" म्हणू नका, परिपाठ कसा असायचा ते विचारा. आईनं तो कधी ऐकलाच नव्हता. एका संध्याकाळी मुलीनं 23 मार्चचा, न झालेला परिपाठ लिहून आईला वाचून दाखवला. दिनविशेषात भगतसिंग, राजगुरू, सुखदेव आले, आणि शेवटी तिनं स्वतःचं एक वाक्य जोडलं: आज दहावी ब चा शेवटचा दिवस. त्या रात्री मायलेकी दोघी रडल्या, असं आईनंच सांगितलं. शाळेचा दाखला आणायला वडील जाणार होते. त्याऐवजी ती दोन मैत्रिणींना बरोबर घेऊन गेली आणि वर्गाच्या बंद दारापर्यंत जाऊन आली.

रडणं एकदम थांबलं नाही. दिवाळीपर्यंत अधूनमधून चालूच होतं, पण आता ती लपवत नव्हती आणि अकरावीची पुस्तकं उघडू लागली होती.

तुमच्या घरात असं मूल असेल तर आठवणीनं येणाऱ्या रडण्याला घाबरू नका. मात्र दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप आणि जेवण बिघडलं, आवडीच्या गोष्टीही सुटल्या, तर समुपदेशकाला गाठा. जगावंसं वाटत नाही असं मूल बोललं, तर एक दिवसही थांबू नका. टेलिमानस ही सरकारी मोफत सेवा 14416 या क्रमांकावर रात्रंदिवस सुरू असते आणि तिथं मराठीतही बोलता येतं.