पणजीची कला अकादमी बाहेरून इतकी बसकी दिसते, मग तिचं एवढं कौतुक का?

तुम्ही लिहिलंय की पणजीत कांपालच्या रस्त्याने जाताना बसमधून कला अकादमी पाहिली, काँक्रीटची एक बसकी इमारत वाटली, आणि वास्तुकलेचे विद्यार्थी मुद्दाम ती बघायला का येतात हे कळेना.

बसमधून ती तशीच दिसते. मी फोंडा तालुक्यातला. आमच्या गावचं नाट्यमंडळ अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेत उतरायचं. नेपथ्याच्या टेम्पोत मागे बसून मी तिथे पहिल्यांदा गेलो, तेव्हा मलाही हे कुठलंतरी सरकारी गोदाम असावं असंच वाटलं होतं. मग पायऱ्या चढून आत गेलो आणि चालतच राहिलो. मला कोणी अडवलं नाही, कारण अडवायला तिथे दारच नव्हतं. डोक्यावर काँक्रीटच्या पट्ट्यांचा मांडव, त्यातून गाळून जमिनीवर पडलेलं पट्ट्यापट्ट्यांचं ऊन, पुढे सावलीतला मोठा मोकळा पॅसेज आणि त्याच्या टोकाला थेट मांडवी.

माझ्या मते या इमारतीचं मर्म इथेच आहे. ती समोर उभं राहून बघायची नाही, आरपार चालत जायची आहे. रस्ता आणि नदी यांच्यामध्ये एवढी मोठी वास्तू उभी करायची, तर साहजिकच नदी झाकली जाणार. वास्तुकार चार्ल्स कोरियांनी इमारत बुटकी ठेवली, आडवी पसरवली आणि मधून वाट सोडली. गोवा मुक्त झाला १९६१ मध्ये, अकादमीची स्थापना १९७० ची, इमारतीचं काम १९७३ पासून १९८३ पर्यंत चाललं. पोर्तुगीज अमदानीतल्या सरकारी वास्तू आठवून बघा, पायऱ्यांपाशीच माणूस बिचकतो. इथे चपला घासत येणारा भजनी मंडळातला म्हातारा आणि कॉलेजातली पोरं एकाच कट्ट्यावर बसतात, आणि तिकीट कोणाच्याच खिशात नसतं.

गोव्यातल्या जुन्या घरांना पुढे बल्काव असतो, दोन्ही बाजूंना बसायला सोपो. रस्त्याने जाणाऱ्याशी तिथूनच गप्पा होतात. ती जागा धड घरात नाही, धड रस्त्यावरही नाही. अकादमीचा तो छायेचा भाग मला गावाचा बल्काव वाटतो. कोरियांचं मूळ गोव्याचं, त्यामुळे ही जागा त्यांना परकी नसणार. उष्ण हवेत माणसाला चार भिंतींपेक्षा सावली आणि वारा लागतो, हा विचार तर त्यांच्या बहुतेक कामांत दिसतो. अहमदाबादचं साबरमती आश्रमातलं संग्रहालय पाहा किंवा भोपाळचं भारत भवन.

आता आतलं. मुख्य नाट्यगृहाला दीनानाथ मंगेशकरांचं नाव आहे, आसनं हजाराच्या आसपास. त्याच्या बाजूच्या भिंतींवर व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांनी जुन्या थिएटरातले सज्जे रंगवलेत आणि सज्ज्यांत गोंयकार प्रेक्षक बसवलेत, नटूनथटून आलेले. खुर्चीवर बसून पाहिलं तर ती गंमतीची चित्रं वाटतात. पण रंगमंचावरून पाहणं वेगळं. आमची रंगीत तालीम दुपारी असायची, नाट्यगृह रिकामं. पहिलं वाक्य बोलायला मी पुढे आलो, घशाला कोरड पडली होती, आणि दोन्ही बाजूंनी ती रंगवलेली माणसं ऐकायला बसलेली. त्या दिवशी मला रिकाम्या खुर्च्या दिसल्याच नाहीत. माइक नव्हता, तरी शेवटच्या रांगेत बसलेल्या दिग्दर्शकांनी तिथूनच हात वर करून ‘पोचतंय’ अशी खूण केली.

शिवाय खुला रंगमंच आहे, ब्लॅक बॉक्स नावाचं छोटं नाट्यगृह आहे, संगीत-नृत्याचे वर्ग आहेत. तियात्राची म्हणजे कोंकणी संगीतनाटकांची स्पर्धा, भजनाची स्पर्धा, केसरबाई केरकर संगीत समारोह, २००४ पासून इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, हे सगळं या एकाच छताखाली झालं. तबल्याच्या वर्गाला आलेलं पोर कॅन्टीनकडे जाताना मोठ्या गवयाचा रियाज ऐकतं, आणि त्यासाठी कोणी वेगळी सोय करावी लागत नाही. वाटाच तशा आखल्यात.

दोष नाहीत असं मी म्हणणार नाही. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, शेजारी खाडीचं खारं पाणी. खारी हवा काँक्रीटच्या बारीक भेगांतून आत शिरते, सळी गंजते, गंजलेली सळी फुगते आणि वरचं काँक्रीट सोलून काढते. त्यात सपाट छपरं. अशी इमारत दर पावसाळ्याआधी घरातल्या कौलांसारखी बघावी लागते. ते वेळच्या वेळी झालं नाही की दुखणं वाढत जातं. २०१९ मध्ये खुल्या रंगमंचाचा भाग पाडण्याची भाषा सुरू झाली, तेव्हा चार्ल्स कोरिया फाउंडेशन आणि कितीतरी कलाकार विरोधात उभे राहिले. पुढे नूतनीकरणासाठी अकादमी बंद झाली आणि काम चालू असतानाच जुलै २०२३ मध्ये खुल्या रंगमंचाचं छप्पर कोसळलं. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. पण ज्या पायऱ्यांवर बसून आम्ही नाटकं पाहिली त्यांच्यासमोरचा तो ढिगारा फोटोत पाहून त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अकादमी पुन्हा उघडली, पण आवाज आणि प्रकाशयोजना पहिल्यासारखी राहिली नाही अशी तक्रार रंगकर्मींनी लावून धरली. मला ती रास्त वाटते. नाट्यगृहाचा रंग नवा झाला की नाही हे नटाला दुय्यम असतं, त्याचा शब्द शेवटच्या रांगेपर्यंत जायला हवा.

पुढच्या वेळी बसमधून खाली उतरा. संध्याकाळी पाचच्या पुढे जा, ऊन तिरपं झालं की मांडवाच्या सावल्या लांबतात. इमारतीचा फोटो काढायच्या भानगडीत पडू नका, तो चांगला येतच नाही. सरळ नदीपर्यंत चालत जा आणि तिथे थोडा वेळ बसा. पलीकडे रेइश मागुशचा किल्ला दिसतो. आमचा प्रयोग संपला की आम्ही सगळे, तोंडाचा रंग तसाच ठेवून, तिथे जाऊन बसायचो आणि अंधारात खनिजाच्या बार्जचे दिवे मोजायचो. टेम्पोवाला हॉर्न वाजवून वाजवून थकायचा.