शिकागोजवळची प्रेअरी (निगेसाठी मुद्दाम जाळतात ते गवताळ माळरान) जाळायला शिकताय? आधी एवढं बघा

उत्साह टिकवा, पण पहिल्याच हंगामात ड्रिप टॉर्चचा (पेटतं इंधन थेंबथेंब सांडणाऱ्या डब्याचा) हट्ट नको. रेक आणि पाठीवरचा पाण्याचा पंप घेऊन जाळरेषेवर (आग पलीकडे जाऊ नये म्हणून गवत काढलेल्या पट्ट्यावर) उभं राहिलात की निम्मं काम कळतं. इलिनॉय पर्यावरण खात्याचा परवाना आधी काढायचा आणि त्या दिवशी अग्निशमन दलाला कळवायचं. नाहीतर धूर बघून कोणीतरी ९११ फिरवतंच.

शहरालगत खरी डोकेदुखी धुराची. नकाशावर हायवे, शाळा, दवाखाने खुणा करा आणि मगच वारा कुठला हवा ते ठरवा. ताशी ८ ते २४ किमी वारा, ३० ते ६० टक्के आर्द्रता, असा दिवस साधारण चालतो. वारा पडलेला दिवस सोपा वाटतो, पण धूर जमिनीलगत साचतो. वसंतात दुपारी मिशिगन सरोवराकडून वारा सुटतो आणि दिशा पालटते, तेही धरून चाला.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका:
- जाळरेषेवरचं गवत कापून तिथेच सोडणं. आग त्यावरूनच रांगत पलीकडे जाते. रेकने ओढून काढा.
- पॉलिएस्टर घालणं. ते वितळून कातडीला चिकटतं. आतले कपडेही सुती हवेत.
- सगळा तुकडा एकाच वर्षी जाळणं. वाळक्या गवतात कीटकांची अंडी, अळ्या, कोष असतात. तिसरा हिस्सा पुरे.

पेटवणं वारा जिकडे वाहतो त्या टोकाच्या कडेपासून. आग वाऱ्याविरुद्ध हळू सरकते, मागे काळा पट्टा उरतो. तो रुंद झाल्यावरच बाजू, आणि सगळ्यात शेवटी वारा येतो ती कड. ओंडके धुमसत असतील तर घरी जायचं नाही.