मैत्रिणीला एन्झायटीचा खूप त्रास होतो, तिला धीर कसा देऊ?

'टेन्शन घेऊ नकोस' एवढं मात्र म्हणू नका. तिला ते कळत असतं, जमत नसतं. त्याऐवजी 'छातीत धडधडतंय ना? मी इथेच आहे, हे उतरेल' असं म्हणा. आणि ते खरंच उतरतं. पॅनिक अटॅक, म्हणजे अचानक येणारा तीव्र भीतीचा झटका, बहुतेकदा 10 मिनिटांच्या आत टोकाला जातो आणि मग ओसरू लागतो. तेवढा वेळ शेजारी बसा, तिच्यासोबत सावकाश श्वास घ्या. घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावा.

प्रेमापोटी एक गोष्ट हमखास होते: तिला ज्याची भीती वाटते ते सगळं आपणच करून टाकतो. तिचे फोनसुद्धा आपणच लावतो. त्याने तेवढ्यापुरती सुटका होते, पण भीती आणखी घट्ट बसते. फोन तिलाच लावू द्या, तुम्ही फक्त बाजूला बसा. बोलताना ती अडखळली तरी नंतर मनापासून कौतुक करा.

झोप उडाली असेल, कामं अडत असतील तर समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला सुचवा. सीबीटी, म्हणजे विचारांची आणि वागण्याची सवय बदलायला शिकवणारा, बोलण्यातून होणारा उपचार, याचा अशा त्रासात चांगला उपयोग होतो, गरजेप्रमाणे औषधंही असतात. पहिल्या वेळी सोबत जा, तेच पाऊल सगळ्यात जड जातं. जगणं नको झालंय असं काही बोलली, तर मात्र तिला एकटं सोडू नका, लगेच डॉक्टर गाठा.