अमेझॉनची कार्ट पासवर्ड न देता बहिणीला कशी दाखवू? तिला त्यात वस्तू घालताही आल्या पाहिजेत.

कार्टऐवजी विशलिस्ट बनवा आणि तिची लिंक बहिणीला पाठवा. लॉगिन द्यायची गरजच नाही. कार्ट तुमच्या खात्याला बांधलेली असते, लिस्ट मात्र मुळात दुसऱ्याला दाखवता यावी अशीच बनवलेली आहे. नवी लिस्ट उघडा, कार्टमधल्या वस्तू एकेक करून तिच्यात टाका आणि ‘इन्व्हाइट’ दाबा. तिथे दोन पर्याय दिसतात: ‘व्ह्यू ओन्ली’ म्हणजे नुसतं बघायचं, आणि ‘व्ह्यू अँड एडिट’ म्हणजे तिलाही भर घालता येते. तुम्हाला दुसरा हवा. त्यासाठी तिने स्वतःच्या खात्यातून लॉगिन करायचं. कपडे किंवा चपला असतील तर साइज आणि रंग आधी निवडा आणि मगच लिस्टमध्ये टाका, नाहीतर ती भलताच नंबर मागवून बसेल.

एक लक्षात ठेवा: ती लिंक ज्याच्या हाती पडेल त्याला लिस्ट उघडता येते. म्हणून फॅमिली ग्रुपवर न टाकता थेट तिलाच पाठवा, आणि त्याआधी लिस्टच्या सेटिंगमध्ये घरचा पत्ता जोडलेला नाही ना, ते बघा. लिस्टमध्ये ठेवल्याने भाव किंवा माल तुमच्यासाठी राखून ठेवला जात नाही, तेव्हा सेलच्या दिवसांत फार रेंगाळू नका.

पासवर्ड आणि ओटीपी सख्ख्या बहिणीलाही देऊ नका. खात्यात पत्ते, जुन्या ऑर्डरी, सेव्ह केलेली कार्डं, सगळंच असतं.